अर्धा एकर काढू नका, ताई

प्रश्न: आम्ही वाळवा तालुक्यातले. आठ महिन्यांपूर्वी मालक उसाच्या ट्रॉलीवरून पाठीवर पडले. ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले, पण कमरेखाली काही कळत नाही. एका ठिकाणी सांगतात, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनांनी चालतील. साडेचार लाख लागतील. अर्धा एकर काढावा का? हे तर कुणाशी बोलतही नाहीत.

उत्तर: ताई, जमीन विकू नका. बावीस वर्षं सांगली-मिरजेत फिजिओथेरपी करतेय, आणि अशा इंजेक्शनांपायी रान गेलेली घरं मी पाहिली आहेत.

मोडलेलं हाड जुळतं, पण मज्जारज्जूचे, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मुख्य नसेचे, तुटलेले तंतू तसे वाढत नाहीत; जखमेच्या जागी व्रण धरतो आणि वाट अडते. संशोधन जोरात चाललंय. मज्जारज्जूवर बारीक विद्युत प्रवाह देऊन अमेरिकेतल्या लुईव्हिल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये २०१८ साली काही जणांना आधाराने पावलं टाकता आली. पण ती मोजकी माणसं, आणि मागे महिनोन्महिन्यांचा सराव. स्टेम सेलबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नियमावली आहे: रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर हा उपचार फक्त नोंदणी झालेल्या संशोधन-चाचणीत द्यायचा, आणि चाचणीतल्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तिथे साडेचार लाख मागतात, यातच काय ते समजा.

डॉक्टरांना एक मात्र विचारा: गुदद्वाराजवळचा स्पर्श कळतो का, हे तपासलंय का? विचारायला लाजू नका. तिथे जाणीव शिल्लक असेल तर दुखापत अपूर्ण, म्हणजे मज्जारज्जूचं काम पूर्ण बंद न पडलेली, धरतात, आणि सुधारणेला जास्त वाव असतो.

पैसा घाला तो गादीवर आणि मापाच्या व्हीलचेअरवर. माझा एक पेशंट हाताने इतका तयार होता की खुर्चीतून खाटेवर एकटा जायचा. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग पडला, घरच्यांनी पावडर लावली. पुढे हाडापर्यंत जखम गेली आणि आख्खं वर्ष तो पालथा पडून राहिला. म्हणून रोज सकाळी आरसा धरून त्यांनाच पाठ, ढुंगण, टाचा बघू द्या. लाल जागा बोटाने दाबल्यावर पांढरी होत नसेल तर त्यावर एक मिनिटही भार नको. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. हवेची गोल रिंग वापरू नका, तिच्या कडेवरच दाब येतो. आंघोळीचं पाणी आधी तुमच्या हातावर बघा, त्यांना चटका कळणार नाही.

लघवीची नळी कायम ठेवलेली असेल तर त्याऐवजी दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः घालून काढायची पद्धत शिकवतात का, विचारा. मूत्रपिंडं जपायची तर हे शिकायलाच हवं.

न बोलण्याचं म्हणाल, तर तुमच्याच तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर त्यांना सांगा. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेला हा जवान १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं, म्हणजे अपंगांच्या ऑलिम्पिकचं, पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आला. पण गोष्ट सांगून थांबू नका. उसाच्या बिलाचा, मजुरांचा हिशेब पुन्हा त्यांच्याच हातात द्या.

आणि उंबऱ्याला उतार करून घ्या. उंबरा सहा इंच असेल तर उतार सहा फूट लांब, म्हणजे ते कुणाला हाक न मारता अंगणात येतील. गवंड्याला याच आठवड्यात बोलवा.