नगरात रहिवासी संघ काढून खरंच काही फरक पडतो का?

पडतो की, पण तुम्हाला वाटतोय तसा नाही. तुम्ही विचारलंय की प्लॉटिंगच्या नगरात नवीन राहायला आलोय, शेजारचे संघ काढू म्हणतायत, हजार रुपये मागतायत, द्यावे का. मी जुळे सोलापुरात राहतो, चार वर्षं आमच्या संघाचा खजिनदार होतो, त्यावरून सांगतो.

आमचा संघ पाण्यामुळं सुरू झाला. सोलापूरकरांना सांगायला नको, उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाईपातून येतंय आणि तेव्हा नळाला सुटायचं चार-पाच दिवसाआड, कधी तर रात्री दोनला. आमच्यात खालच्या गल्लीतले सगळे नळाला डायरेक्ट मोटार लावायचे आणि वरच्या सहा घरांना नुसती हवा यायची, फुस्स! भांडणं व्हायची, एकेकटे जाऊन तक्रार करून आले, काय उपयोग नाही. मग वरच्या गल्लीतल्या एका काकूंनी वही घातली, पाणी कधी सुटलं, किती वेळ चाललं, कुणाच्या घरापर्यंत पोचलं. दोन महिन्यांची ती वही घेऊन आम्ही आठजण महापालिकेच्या झोन ऑफिसला गेलो तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा नीट बसवून ऐकलं. पुढं चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, वरची लाईन आधी सोडायला लागला आणि खालच्यांनी पण पहिला अर्धा तास मोटार लावायची नाही असं ठरलं. हे दुसरं जास्त अवघड होतं, ते कुठल्या ऑफिसातून होत नाही.

जुन्या गावात, साखर पेठ शुक्रवार पेठेकडं, हे सगळं मंडळं नि तालमी बघतात, गणपती असो नाहीतर कुणाच्या मयताला खुर्च्या. आपली 1992 ला शहराची हद्द वाढली तेव्हा आत आलेली नगरं म्हणजे कोण अक्कलकोटचा कोण बार्शीचा, चार वर्षं शेजारी राहून आडनाव माहीत नसतं. म्हणून इथं संघ लागतोय.

सगळं गोड नाही ओ. आमच्या नगरातली ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा, तीन वर्षं तशीच पडून होती, निम्म्यांना मंदिर पाहिजे, निम्म्यांना चालायला ट्रॅक, मधी बाभळी वाढल्या. निवडणूक आली की ज्यांनी कधी मीटिंगला तोंड दाखवलं नाही ते अध्यक्ष व्हायला बघतात, ते वेगळंच.

नोंदणीची घाई करू नका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सातजण मिळून संस्था नोंदवता येते, पण मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसकडं दरवर्षी हिशोब, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, हे सगळं मागं लागतंय. आधी वर्षभर तसंच चालवून बघा, टिकलं तर नोंदवा.

हजार रुपये द्या, पण पावती मागा. पुस्तकच नाही म्हणाले तर तुम्हीच छापून आणा, मग खजिनदारपद आपोआप गळ्यात पडतंय, माझ्या तसंच पडलं होतं.