हडपसरच्या अनुदानित शाळेला संगणक लॅब आणि व्यवसाय शिक्षणासाठी सरकारी पैसा कुठून मिळेल?

आमच्या ट्रस्टच्या शाळेसाठी मीही हेच फेरे मारलेत, म्हणून थोडं सविस्तर.

पाचवी ते दहावीची शाळा असेल तर आधी अटल टिंकरिंग लॅब बघा. नीती आयोगाची योजना, सहावी ते बारावीसाठी. अनुदान 20 लाख: 10 लाख लॅब उभारायला, उरलेले 10 लाख पाच वर्षं चालवायला. थ्रीडी प्रिंटर, रोबोटिक्स, सेन्सर वगैरे. अट जागेची, सर्वसाधारण भागात 1500 चौरस फूट. हडपसरमध्ये एवढी रिकामी जागा म्हणजे चैनच! ट्रस्टच्या शाळाही यात बसत आल्यात, पण 2025 च्या अर्थसंकल्पातल्या नव्या 50 हजार लॅब सरकारी शाळांसाठी आहेत. त्यामुळे अर्ज खुले झाल्यावर पात्रता आधी नीट वाचा.

नववीपासूनच्या व्यवसाय विषयांचा पैसा समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेतून येतो (केंद्र 60, राज्य 40 टक्के). संगणक लॅबही त्यातच. इथे थेट अर्ज नसतो, शाळेची मागणी जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात जावी लागते. म्हणून माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना वेळेत भेटा आणि यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती अद्ययावत ठेवा. आमच्या नोंदीत वर्गखोल्या चुकल्या होत्या, त्यात एक वर्ष गेलं.

नुसते संगणक हवे असतील तर आमदार-खासदार निधीसाठी पत्र द्या.

आणि एकदा पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. वेल्डिंग, वायरिंग, शेती शाळेतच कशी शिकवतात ते कळेल, प्रस्तावात काय लिहायचं तेही.