विनोदी कवितेतलं ढोंग आणि उपरोध सातवीच्या मुलीला कसा समजवायचा?

मुलगी कविता वाचून हसते, पण ‘कवीने काकांचं कौतुक का केलं?’ या प्रश्नाला अडते, असं तुम्ही लिहिलंय. आधी व्याख्या सांगू नका. आमच्या नाशिककर मुलांना गोदावरीवरचं रामकुंड रोजचं, म्हणून मी वर्गात या ओळी रचून देते:

गोदामाई स्वच्छ राखा, काका सांगती घाटावर,
निर्माल्याची पिशवी त्यांची तरंगतसे लाटांवर.
धन्य धन्य आमचे काका, हार घाला गळाभर!

विचारा, काका बोलले काय आणि केलं काय? दोन्हींत जमत नाही, ते काकांचं ढोंग: लोका सांगे ब्रह्मज्ञान. उपरोध मात्र कवीचा. तिसऱ्या ओळीत वरवर स्तुती, आत निंदा. अलंकारात हिला व्याजस्तुती म्हणतात. मुलांची गल्लत नेमकी इथेच होते, म्हणून ‘हे कोण करतंय?’ असं प्रत्येक ओळीला विचारत राहा.

ती ओळ तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या. ‘धन्य धन्य’ म्हणताना आवाज आपोआप लांबतो, आणि तिथेच तिला कळतं.

एक मात्र सांभाळा. निर्माल्य कुठे टाकायचं हेच ठाऊक नसलेला माणूस ढोंगी नसतो. काकांना सगळं ठाऊक होतं.