वाचकांचे प्रश्न : कायद्याच्या पुस्तकांबाहेरचा कायदा

प्रश्न : ठाण्यात कोर्टनाक्यावर वकिलांकडे पंचवीस वर्षे कारकुनी केली. कायदा आणि समाज यांविषयीचे अलीकडचे अभ्यासग्रंथ वाचायचे आहेत. आरंभ कोठून करावा?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : रोहित डे यांच्या ‘अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन’ (२०१८) या इंग्रजी ग्रंथापासून करावा. त्यात घटनाकारांपेक्षा घटनेचा आधार घेऊन न्यायालयात गेलेले कसाई, व्यापारी, वेश्याव्यवसायातील स्त्रिया केंद्रस्थानी आहेत. त्यातील बालसरा प्रकरण तर आपल्या जुन्या मुंबई राज्याचेच. १९४९च्या दारूबंदी कायद्याला आव्हान देणाऱ्या या गृहस्थांनी व्हिस्कीबरोबर ओ-द-कोलोन हे मद्यार्कयुक्त अत्तर बाळगण्याचाही हक्क मागितला होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी कायम ठेवला, तरी मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील काही बंधने रद्द केली. (मूलभूत हक्क कधीकधी अत्तराच्या बाटलीतूनही निघतात.)

मग अनुज भुवानिया यांचे ‘कोर्टिंग द पीपल’ (२०१७) घ्यावे. जनहित याचिकांत कार्यपद्धतीला फाटा मिळतो आणि ज्यांच्या झोपड्या पाडायच्या त्यांचे म्हणणेच ऐकले जात नाही, हा त्यांचा आक्षेप मला थोडा एकांगी वाटतो; नोटीस बजावली न गेल्याने अडलेली प्रकरणे वर्षानुवर्षे हाताळलेल्या तुम्हाला मात्र तो अधिक भिडेल.