जळगाव जिल्ह्यात राहून प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीची तयारी करता येईल का? पिस्तूल आणि पट्टा कोणता घ्यावा, आणि हाताला वेग कसा आणावा?

आपण अमळनेरचे आहात, दोन वर्षांपासून १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करता, आणि परदेशातील स्पर्धांच्या चित्रफिती पाहून धावत, वळत, एकामागून एक लक्ष्ये टिपण्याच्या या प्रकाराची आपल्याला ओढ लागली आहे, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. मी भुसावळचा. नोकरीनिमित्त सहा वर्षे चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो शहरात राहिलो, तेथील एका क्लबात हा खेळ शिकलो, लहानमोठ्या स्पर्धांत उतरलो आणि एका स्पर्धेतून बादही झालो. आपण आधी पिस्तुलाविषयी, मग पट्ट्याविषयी आणि शेवटी वेगाविषयी विचारले आहे. मी वेगापासून सुरुवात करणार आहे, कारण वेग कोठून येतो हे कळल्याशिवाय साहित्यावर खर्च केलेला पैसा बहुतेक वाया जातो.

त्याआधी कायद्याचे बोलून घेतो. या स्पर्धांत सर्वाधिक वापरले जाणारे ९ मि.मी. बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) पिस्तूल आपल्या देशात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, आणि सामान्य नागरिकाला ते परवान्यावरही मिळत नाही. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ९ मि.मी.ची काडतुसे तयार होतात आणि माझ्या लहानपणी शेजारच्या निम्म्या घरांतील कोणी ना कोणी तेथे कामाला होते. तरीही ते काडतूस स्पर्धेत झाडण्यासाठी मला अर्धे जग ओलांडावे लागले, याची गंमत वाटते. आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात, म्हणून स्पष्टच लिहितो: विनापरवाना शस्त्र हातात घेणे तर सोडाच, ते असलेल्या माणसाबरोबर उभे राहण्यानेही आपले नेमबाजीतील आयुष्य संपू शकते. याउलट ४.५ मि.मी., म्हणजे पॉइंट १७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि खाली जे लिहिणार आहे त्यातील बराच भाग त्याच पिस्तुलावर शिकता येतो.

आता खेळाचा हिशेब. प्रॅक्टिकल नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कोलंबिया येथे स्थापन झाला, आणि जेफ कूपर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. त्याचे ब्रीद तीन लॅटिन शब्दांचे आहे. अचूकता, शक्ती आणि वेग असा त्यांचा अर्थ लावला जातो. तिन्हींचा तोल गुणपद्धतीतच बसवला आहे. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे तीन भाग असतात आणि साधारणपणे प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडायच्या असतात. काडतुसाची ताकद मोजण्यासाठी गोळीचे ग्रेनमधील (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) वजन आणि फूट प्रतिसेकंदातील वेग यांचा गुणाकार करून त्याला १००० ने भागतात. हा आकडा किमान १२५ असेल तर मायनर गुण मिळतात, म्हणजे ए ला ५, सी ला ३ आणि डी ला १. जोरदार काडतूस वापरणाऱ्याला मेजर गुण मिळतात, म्हणजे ५, ४ आणि २. चुकलेल्या गोळीचे १० गुण वजा होतात. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की जो आकडा येतो त्याला हिट फॅक्टर म्हणतात, आणि त्या टप्प्यावर, म्हणजे लक्ष्यांच्या त्या एका मांडणीवर, ज्याचा आकडा मोठा तो पहिला.

समजा आठ लक्ष्ये आहेत, म्हणजे सोळा गोळ्या आणि जास्तीत जास्त ८० गुण. पहिल्या नेमबाजाने सर्व ए मारून ८० गुण मिळवले, पण १६ सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ५ झाला. दुसऱ्याने मायनर काडतुसाने बारा ए आणि चार सी मारले, गुण ७२ आणि वेळ १२ सेकंद. हिट फॅक्टर ६. म्हणजे थोडी ढिलाई पत्करून घेतलेला वेग जिंकला. आता या दुसऱ्याच्या चार सी पैकी एक गोळी लक्ष्याबाहेर गेली असे धरा: ६० अधिक ९, वजा १०, म्हणजे ५९ गुण, आणि १२ सेकंदांना हिट फॅक्टर ४.९२. एका चुकलेल्या गोळीने त्याला पहिल्याच्या मागे नेले. मी क्लबात नवा असताना हा हिशेब वहीत मांडला नव्हता, आणि पहिले वर्षभर मला वाटत होते की मी वेगवान आहे, फक्त नशीब साथ देत नाही.

वेग कोठून येतो, हे याच उदाहरणावर पाहू. एका लक्ष्यावरच्या दोन गोळ्यांमधील अंतर साधारण पाव सेकंद असते. बोट अधिक चपळ करून आपण ते प्रत्येक लक्ष्यावर पाच शतांश सेकंदाने कमी केले, तरी आठ लक्ष्यांवर मिळून चार दशांश सेकंदच वाचतात. टप्प्यातील आडोशांना खिडक्या असतात; एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपाशी पोहोचल्यावर पाय स्थिर होईपर्यंत पिस्तूल खाली ठेवले, तर तेवढा वेळ एका ठिकाणीच जातो. चित्रफितीत आवाज गोळ्यांचा ऐकू येतो म्हणून आपले लक्ष बोटाकडे जाते. चांगला नेमबाज मात्र लक्ष्याकडे पोहोचतानाच पिस्तूल डोळ्यांच्या रेषेत आणतो, शेवटची गोळी सुटताच पुढच्या जागेकडे निघालेला असतो आणि मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, चालता चालता बदलतो. त्याचे हात पाहिले तर ते संथ वाटतात.

यात सर्वांत कठीण भाग डोळ्यांचा आहे. एअर पिस्तूलमध्ये आपण फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या माशीवर, नजर रोखतो आणि काळे वर्तुळ धूसर ठेवतो, हे आपण शिकलाच आहात. येथे अंतर आणि लक्ष्याचा आकार पाहून ठरवावे लागते की किती पाहणे पुरेसे आहे. पाच मीटरवरच्या मोकळ्या लक्ष्यासाठी साइट लक्ष्याच्या मध्यभागी दिसली एवढे पुरते; वीस मीटरवर अर्धे झाकलेले लक्ष्य असेल तर १० मीटरच्या रेंजवरचीच शिस्त लागते. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना आधी नजर जाते, तीही संपूर्ण पुठ्ठ्यावर नव्हे तर जेथे गोळी हवी त्या बोटभर ठिपक्यावर, आणि पिस्तूल नजरेमागून येते. पिस्तुलाबरोबर डोळे फिरवणारा माणूस लक्ष्याच्या पुढे निघून जातो आणि मग परत येतो. गोळी सुटली त्या क्षणी साइट कोठे होती हे ज्याला सांगता येते, त्याला भोक शोधण्यासाठी थांबावे लागत नाही. आपले प्रशिक्षक प्रत्येक छऱ्यानंतर ‘कुठे गेला?’ असे विचारत असतील आणि पाहण्याआधी आपण उत्तर देत असाल, तर ही सवय आपल्याला आधीच लागलेली आहे, आणि ती या खेळात फार मोलाची आहे.

उभे राहणे आणि पकड मात्र नव्याने शिकावी लागेल. एका हाताने, शरीर आडवे ठेवून, वजन मागे झुकवून उभे राहण्याची आपली पद्धत येथे चालत नाही. छाती लक्ष्याकडे, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर. उजवा हात पिस्तुलाच्या मुठीवर शक्य तितका वर बसवावा, कारण नळीची रेषा हातापासून जितकी उंच तितका झटका पिस्तूल वर फेकतो. डाव्या हाताचा तळवा मुठीवरच्या उरलेल्या रिकाम्या जागेत घट्ट बसावा, त्याचे मनगट पुढे झुकवून पक्के करावे, आणि दाबण्याचे काम अधिक करून डाव्या हाताने करावे, म्हणजे उजव्या हाताची तर्जनी मोकळी राहते. कोपरे ताठ करू नयेत. झटका येण्याआधीच मनगट खाली ढकलण्याची खोड जवळजवळ प्रत्येकाला असते. ती पकडण्यासाठी मित्राला मॅगझिनमध्ये मधूनच एखादे खोटे काडतूस भरायला सांगतात. ते आले की आवाज होत नाही आणि नळी खाली डोकावलेली सर्वांना दिसते. माझी नळी पहिल्या दिवशी इतकी खाली गेली होती की बाजूचे आजोबा हसू आवरत नव्हते.

बाद झालो तो प्रसंगही सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे बरेच आहे. या खेळात गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे तोंड करून उभे असता नळी ९० अंशांच्या पलीकडे मागे वळली, हलताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत राहिले, किंवा पिस्तूल हातातून पडले, की त्या दिवसाची संपूर्ण स्पर्धा संपते. गुण कापण्याची सवलत नाही. मी उजव्या हाताचा. टप्प्यात डावीकडे धावत जायचे होते आणि धावतानाच मी मॅगझिन बदलले. मॅगझिन घालताना उजव्या हाताच्या माणसाचे पिस्तूल स्वभावतः डावीकडे कलते. एरवी त्यात धोका नसतो, पण शरीरच डावीकडे वळलेले असल्यामुळे माझी नळी मागे वळली. रेंज अधिकाऱ्याने ‘स्टॉप’ म्हटले तेव्हा मला काय चुकले हेही कळले नव्हते. तेव्हापासून डावीकडे जायचे असेल तर मी निघण्याआधी मॅगझिन बदलतो, किंवा कमरेखालचा भागच वळवून छाती बांधाकडे ठेवतो. दोन दशांश सेकंद जातात, जाऊ देत.

साहित्याचे आता थोडक्यात. पिस्तूल कोणते, हे आपण कोणत्या विभागात खेळणार यावर ठरते. प्रॉडक्शन विभागात जवळपास कारखान्यातून आले तसे पिस्तूल, मॅगझिनमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त १५ गोळ्या आणि फक्त मायनर गुण असतात. ओपन विभागात लाल ठिपक्याची साइट आणि झटका कमी करणारा कॉम्पेन्सेटर चालतो. नवख्याने प्रॉडक्शनमध्येच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे, कारण तेथे उणीव साहित्यावर ढकलता येत नाही. आमच्या क्लबात बहुतेकांकडे सी.झेड. शॅडो २ असे, आणि ते साहजिकही होते, कारण ते पिस्तूल जेथे तयार होते ते उहेर्स्की ब्रोद गाव त्याच मोराविया प्रांतात आहे. पोलादी सांगाड्याच्या या पिस्तुलाचे वजन सव्वा किलोच्या वर आहे आणि तेच त्याचे सामर्थ्य, कारण जड पिस्तूल झटक्याने कमी उसळते. पट्ट्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. आतला मऊ पट्टा पँटच्या लूपमधून जातो आणि बाहेरचा कडक पट्टा वेलक्रोने त्यावर बसतो. तो लवला तर होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सापडते. होल्स्टर कडक प्लास्टिकचे, ट्रिगर पूर्ण झाकणारे असावे. चामड्याचे शोभून दिसते, पण आपल्याकडच्या घामाने ते वर्षभरात फुगते. उडणारे कण रोखणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि कानांचे संरक्षण यांविषयी वेगळे सांगायला नको, पण पोलादी लक्ष्यावरून उडालेला शिशाचा कण माझ्या चष्म्याच्या काचेत रुतलेला अजून जपून ठेवला आहे.

मग अमळनेरला बसून काय करावे? आपल्या चांगल्या एअर पिस्तुलात छरा न घालता ट्रिगर दाबण्याची सोय असेल, तर रोज वीस मिनिटे ती वापरावी. पिस्तूल ४५ अंशांत खाली धरून उभे राहावे, मोबाइलवर तीन सेकंदांच्या अंतराने दोन बीप लावावेत, पहिल्या बीपला हात उचलावा आणि दुसऱ्याआधी साइट न हलवता ट्रिगर सुटावा. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात नेमके हेच असते: लक्ष्य तीन सेकंद समोर येते, सात सेकंद जाते, आणि प्रत्येक वेळी एकच गोळी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा हा मार्ग महाराष्ट्रातून जातो हे वेगळे सिद्ध करायला नको. जिल्हा संघटनेमार्फत पॉइंट २२ च्या २५ मीटर प्रकारात आणि पुढे सेंटर फायरमध्ये, म्हणजे त्याहून मोठ्या बोअरच्या प्रकारात, उतरावे. ते कायद्यात बसते, स्पर्धा नियमित होतात, आणि नळी, बोट व घड्याळ यांची शिस्त तेथेच पक्की होते.

नजर फिरवण्याच्या सरावाला तर पिस्तूलही लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये हंगाम संपल्यावर मी भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर सहा कागदी ठिपके चिकटवले होते, आणि रिकाम्या हातांनी, दोन्ही अंगठे समोर धरून, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा आणि खांबामागून बाहेर येतानाच हात वर असण्याचा सराव करीत असे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हे पहाटे सहाच्या आतच उरकावे लागते. शेडच्या राखणदाराने आठ दिवस पाहिले आणि नवव्या दिवशी माझ्या पाठदुखीसाठी हा कुठला योग आहे, अशी चौकशी केली.

लाल ठिपक्याच्या साइटविषयी शेवटचे एक. ती आता घेऊ नका. ठिपका लक्ष्यावर थरथरताना दिसू लागला की नवखा माणूस तो थांबण्याची वाट पाहत बसतो, आणि उघड्या साइटवर जो निर्णय आपण न कळत घेत होतो तो पुन्हा शिकावा लागतो.