रंग काढून बघ

प्रिय बेटा,

तू पाठवलेले फोटो बघितले. कॅमेरा सेकंडहँड घेतलास ते बरं केलंस, पेट्रोलला पैसे उरतील.

आता फोटोंचं. त्यातले बरेचसे तू ब्लॅक अँड व्हाइट केलेस ते रंग जमले नाहीत म्हणून, हे लगेच कळतं. बाकीच्यांत सुरकुतलेले म्हातारे, भेगा पडलेलं वावर आणि रिकामी बाज. विदर्भ म्हटलं की बाहेरचे लोक येऊन हेच टिपून नेतात. तू तर इथलीच. ज्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या तू काढल्यास तो पारावर बसून सोयाबीनचा भाव मोबाइलवर बघत असेल, आणि मोबाइल दिसू नये म्हणून तू फ्रेम कापली असशील. कापू नकोस. रंग काढला की कुठलाही फोटो आपोआप गंभीर दिसतो आणि गाव पन्नास वर्षं मागं गेल्यासारखं वाटतं. ही फुकटची गंभीरता घेऊ नये, असं माझं मत आहे. बैलबंडीशेजारी मोटारसायकल उभी असेल तर उभी राहू दे.

मग ब्लॅक अँड व्हाइट कधी? रंग काढल्यावरही जे सांगायचं ते शाबूत राहत असेल तेव्हा. पोळ्याचंच घे. पोळ्याच्या दिवशी रंगीतच काढ. रंगवलेली शिंगं, बेगड, झुली, तोरण... रंग गेला तर उरलं काय? पण आदल्या संध्याकाळी जा, खांदशेकणीला. वर्षभर जू घासून टणक झालेला बैलाचा खांदा, त्यावर पळसाच्या पानानं हळद-तूप चोळणारा हात, आणि तोंडानं "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". तिथं कातडीचा पोत आहे, खांद्यावरचा घट्टा आहे, हाताचा दाब आहे. रंगाची गरजच नाही. कंदील शोधत बसू नकोस, गोठ्यात आता एलईडी बल्ब असतो. त्याचाच उजेड एका बाजूनं घे.

वेचणीच्या फोटोंत तुझा कापूस जळाला आहे. बोंडं नुसते पांढरे ठिपके झालेत, धागा दिसतच नाही. होतं असं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्यावर आणायला बघतं. काळी माती आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, गर्द पाला फ्रेममध्ये जास्त असला की ते उजेड वाढवतं आणि बोंडं हातची जातात. तिथं एक स्टॉप कमी कर, म्हणजे उजेड निम्मा. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगासमोर उभी राहशील तेव्हा नेमकं उलटं, एक स्टॉप वाढव, नाहीतर कापूस मळकट दिसेल. म्हशीला परत कमी करायचाच हिशेब, मीटरवर सोडलीस तर ती राखाडी होते. डिजिटलमध्ये जळालेला पांढरा परत येत नाही, काळ्यातलं मात्र थोडंफार ओढून काढता येतं. म्हणून आधी पांढरा सांभाळ.

दुसरं म्हणजे, लाल लुगडं आणि हिरवं वावर डोळ्यांना लख्ख वेगळं दिसतं, पण करड्यात दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ आणि स्क्रीन मोनोक्रोमवर (ब्लॅक अँड व्हाइटवर) ठेव, म्हणजे हे जागेवरच कळेल. रॉ मध्ये रंग शाबूत असतात, घरी येऊन लाल वर नेला की लुगडं उजळतं, हिरवा खाली नेला की पाला गडद होतो. फक्त लाल फार ओढू नकोस. उन्हात रापलेले चेहरे पिठासारखे पांढरे पडतात, आणि ते खोटं आहे.

लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, कमरेला ओटी, हे तू छान टिपलंस. पण सगळ्यात चांगला फोटो वजनकाट्याचा. मजुरी किलोवर, त्यामुळं गाठोडं काट्याला लागलं की सगळ्याजणींची नजर त्या एका आकड्यावर. कोणीही तुझ्याकडं बघत नाही. असे क्षण शोध.

सेवाग्रामला कधी गेलीस तर बापूकुटीत जरा वेळ बस. तिथला उजेड बघ आणि आश्रमात राहून बापूंचे फोटो काढणारे कनू गांधी आठव. त्यांना ती परवानगी मिळाली तीन अटींवर: फ्लॅश नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी 100 रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आला. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचा, माणसाच्या डोळ्यावर तो रोखला जात नाही. तुझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन उघडते ना? तीही तशीच खाली धर. पैशाची अट सोड, पण पहिल्या दोन मी तुलाही घालतो.

ज्यांचे फोटो काढलेस त्यांना प्रिंट नेऊन दे, तालुक्याच्या स्टुडिओत साधी छापलेली चालेल. एखादी बाई म्हणेल, "हे काय, रंग कुठं गेला? मले रंगीत पाहिजे." मग रंगीत दे. तिचा हक्क आहे तो, तिथं आपली कला सांगत बसायचं नाही.

शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उपटायचं काम निघेल. चिमट्यात बुडखा धरून पाठीचा जोर लावतात, ते काम कंबर मोडणारं आहे आणि त्याचे फोटो फारसे कोणी काढत नाही. त्या दिवसांत ये, सकाळी लवकर निघू, ऊन चढायच्या आत. रंगीत फाइली पुसू नकोस.

तुझा,
काका