जर्मनीच्या आधी जतला

(सांगलीहून एका वडिलांचं पत्र : मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात दोन एकांकिका बसवल्या. आता जर्मनीत दिग्दर्शन शिकून तिकडच्या नटांबरोबर काम करायचं म्हणते. शेतावर कर्ज काढू का?)

सप्रेम नमस्कार.

कर्ज काढू नका. लेकीचं डोकं फिरलंय म्हणून नव्हे. जर्मनीत बहुतेक सरकारी संस्थांत शिक्षणाची फी नसल्यातच जमा असते. खर्च होतो तो राहण्याजेवणाचा, आणि खरी अडचण भाषेची. तिथं दिग्दर्शन जर्मनमधूनच शिकवतात. शब्दकोशाच्या आधारानं नटाला 'इथं थांब' सांगता येईल, 'इथं का थांबायचं' ते नाही सांगता येत. तेव्हा आज खर्च करायचाच तर जर्मनच्या वर्गावर करा.

नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर १९५५मध्ये लंडनला नाट्यशिक्षणासाठी गेले, पुढच्या वर्षी बर्लिनला पोचले. तिथला मोठा नाटककार ब्रेख्त नुकताच वारला होता, पण त्याच्या मंडळीची नाटकं त्यांनी महिनोन्‌महिने पाहिली. परतल्यावर छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातले कलावंत घेऊन नाटकं बसवायला लागले, तर गावात रात्रभर प्रेक्षकांना डोलवणारे हे नट तालमीत लाकडासारखे! का, तर हालचाली आखून दिलेल्या आणि बोलायचं हिंदीत. हे उमगायला तन्वीरांना बरीच वर्षं लागली. मग त्यांनी नटांना छत्तीसगडी बोलू दिली, उभं कुठं राहायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्यातून १९७५मध्ये 'चरणदास चोर' आलं आणि १९८२मध्ये एडिंबरात बक्षीस घेऊन गेलं.

आपल्या विजया मेहता जर्मन नटांना घेऊन 'हयवदन' बसवू शकल्या, त्याआधी त्यांनी मराठी रंगभूमीवर किती वर्षं काढली होती ते लेकीला शोधायला सांगा.

आणि तुम्ही सांगलीचे! विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक पटवर्धन सरकारांनी सांगितलं म्हणून. म्हणजे परक्या मुलखातलं पाहून आपलं उभं करणं तुमच्याच गावात सुरू झालं. जत तालुक्यात कानडी बोलणारी पोरं आहेत. चार कानडी, चार मराठी घेऊन तिनं एक एकांकिका बसवावी. भांडणं होतील, होऊ द्यात.

पदवीनंतर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची परीक्षा द्यावी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. मात्र आधी नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. जागा मोजक्या, म्हणून पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्रही डोळ्यांसमोर असू द्या.

पैशाचं विचारलंत. नुसत्या प्रायोगिक नाटकावर इथं घर चालत नाही. मंडळी मालिका करतात, शिबिरं घेतात. जर्मनीत नगरपालिकांच्या नाट्यगृहांत सहायक दिग्दर्शकाला पगारी नोकरी असते. तिला तिकडं जायचंच असेल, तर चौकशी या नोकरीची करावी.

पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं येऊ द्या. कुठलं नाटक बसवायचंय, एवढंच लिहिलं तरी चालेल.